आठ पाटांची पंगत

२६ सप्टेंबर

आधी तक्रार, मग देवाचं नाव. नातवानं, मन्मथनं, माझं यशवंतपूरच्या गाडीचं तिकीट काढलं ते वरच्या बाकड्याचं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई माकडावानी वर चढणार का? विचारलं तर म्हणतो, "आज्जे, मोबाईलनं दिलं ते घेतलं." मोबाईलला आज्जी न्हाई, तुला तर हाय ना!

ॐ नमः शिवाय.

ही डायरी माझी न्हाई. माझ्या पोराची, शिवलिंगची हाय. बियाणाच्या कंपनीवाले दर साली त्याच्या अडत दुकानाला एक द्यायचे. धान्याच्या मोंढ्यात कोण भांडलं, पाऊस कुठवर आला, असलं तो लिहायचा. १९ ऑगस्टच्या पानावर लिवलंय, "छातीत जड वाटून राहिलंय. ओवा खाल्ला." त्याच्या म्होरं सगळी कोरी. कोरी पानं मला बघवत न्हाईत म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली हाय. चुकलं तर चुकलं, तपासायला कोण बसलंय.

चालले बंगळूरला, शांभवीकडं. शिवलिंगची थोरली. तिचा फोन आलता, "आज्जी, बाबा कवा आले न्हाईत. तू तरी एकदा माझ्या हातचं खाऊन जा."

तिच्या हातचं म्हणजे काय ते ऐका. जपानी हॉटेलात मासं कापते. लिंगायताची पोर, गळ्यात लिंग, अन् मासं कापते. ते बी कच्चं वाढते, शिजवायचे कष्ट न्हाईत. जपानला जाऊन तीन वर्षं हेच शिकून आली म्हणं. आम्ही तिला पुण्याला हॉटेलचं शिकायला घातलं तवा वाटलं, लाडू-चिवडा शिकल. शिवलिंग पाच वर्षं तिच्याशी बोलला न्हाई. गल्लीत तोंड दाखवायचं असतं माणसाला.

पर मी खायला चालले न्हाई. मला काम हाय. शिवलिंग लातूरच्या दवाखान्यात होता, जीव जायच्या आदल्या दिशी मला एक गोष्ट बोलला. शांभवीसाठी. मन्मथला ठाऊक न्हाई, सुनेला, पोरीच्या आईला बी न्हाई. ती फोनवर सांगायची गोष्ट न्हाई. तिच्या तोंडावर सांगणार अन् मोकळी होणार.

बाकडं एका भल्या बाईनं बदलून दिलं. बिदरला उतरली. तिच्या पोराला तिकीट काढता येतंय वाटतं.

२७ सप्टेंबर

पोचले. रिक्षावाला कन्नड बोलायला लागला, शांभवी नुसती मुंडी हलवत बसली. मी त्याला उदगिरी कन्नडमधी असं झापलं की भाडं कमी घेतलं अन् वर "ऊटा आयता अम्मा?" म्हणून जेवणाचं विचारलं. शांभवी हसली. तेवढंच. पोर वाळलीया. गळ्याची हाडं दिसायला लागली. मी म्हणले, "लोकांना इतकं भारी खायला घालतीस, तुला काय सुतक हाय का?"

म्हणली, "हाय की आज्जी."

मी पिशवी उचलली अन् जिना चढायला लागले.

तिसऱ्या मजल्यावर एक खोली. एका कोपऱ्यात शिवलिंगचा फोटो, त्याला विभूती लावलेली. हात-पाय धुऊन बसले नाही तवर तिनं विचारलंच.

"आज्जी, बाबा काही बोलले का गं? शेवटी?"

मी म्हणले, "पाणी मागितलं."

"अजून?"

"अजून काय. डॉक्टर बोलू देत नव्हते."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणली, "मन्मथनं मेसेज केलता, बाबांना लातूरला आणलं म्हणून. मी दोनदा फोन लावला बाबांच्या मोबाईलवर. दोन्ही बारी कट केला. मला वाटलं, तिसऱ्यांदा लावला तर त्यांना त्रास होईल. म्हणून न्हाई लावला."

मी म्हणले, "दवाखान्यात रेंज नसती."

"वाजत होता आज्जी. वाजून कट झाला. राग घेऊनच गेले ते."

मी म्हणले, दूध उतू चाललंय, बघ. दूध गॅसवर नव्हतंच.

दमले होते. परवासाचं अंग. उद्या सांगते.

२९ सप्टेंबर

आज काही न्हाई. भाकरी केल्या. इथलं पीठ मेलं, थापली की फाटते.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. आमच्या घरात यंदा सण न्हाई. शांभवी सकाळी न्हाऊन आली अन् पाटावर तिच्या सुऱ्या मांडल्या. सात. लांब, बारीक, एक तर विळ्याएवढी. एकेकीला विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडू ठेवला.

मी ओरडले, "वरीस झालं न्हाई अजून! अन् त्या सुऱ्यांना मासं लागलंय!"

म्हणली, "हत्याराला सुतक नसतं. बाबाच म्हणायचे. आजोबा गेले त्या साली वजनाच्या काट्याची पूजा केली होती त्यांनी. तूच भांडलीस त्यांच्याशी तवा बी."

आठवलं. मोंढ्यातला तो मोठा लोखंडी काटा, त्याला शिवलिंगनं अशीच तीन बोटं ओढलेली. अशीच, डावीकडून उजवीकडं. शिकवलं कुणी हिला? बघून शिकली असणार, बाकीच्यावानी.

एक सुरी बाजूला होती, कापडात. नवी कोरी. एक फळी बी. शांभवी म्हणली, "ही तुझी. हिला मासा लागला न्हाई. उद्या तुला हिच्यावर कापून देणार."

मी म्हणले, "अन् नंतर?"

"नंतर ठेवून देईन."

सांगायचं म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात तिला कामावर जायची घाई झाली. मी काय करू.

२ ऑक्टोबर

आजच लिहिते, न्हाई तर डोक्यात सडंल.

दुपारी नेलं. बाहेर पाटी न्हाई, काही न्हाई, नुसतं लाकडाचं दार. मी म्हणले, "चोरून चालवता का?" म्हणली, तीन महिने आधी नाव लावावं लागतं इथं. आत गेले तर काय, टेबल न्हाई, खुर्ची न्हाई. घासून गुळगुळीत केलेला एक लांब लाकडी ओटा अन् त्याच्या म्होरं आठ उंच स्टूल. आठ. एवढ्यासाठी तीन महिने! आमच्या गल्लीत बारशाला दोनशे पान उठतंय.

म्हणले, आठ तर आठ, पंगतच ही. मला चढवून बसवलं. बाकी सा माणसं आली, अत्तर लावलेली, हळू बोलणारी. माझ्या शेजारचा एक पाट रिकामा. त्याच्याम्होरं बी कप ठेवलेला, टॉवेल ठेवलेला. टॉवेल गरम अन् ओला, बाळंतिणीला शेकायला देतात तसला. मी नाकाला लावला. माशाचा वास असंल म्हणून. वास नव्हता. खोटं कशाला लिहू, आपल्या मोंढ्यापेक्षा स्वच्छ.

शांभवी ओट्याच्या पलीकडं उभी. पांढरा डगला, केस बांधलेले. माझ्याकडं बघितलं न्हाई. कामात होती. भाताच्या लाकडी परातीत हात घातला, थोडा भात उचलला, बोटांत दाबला, एक-दोन शितं परत टाकली, बस. त्याचा घास झाला. दुसरा, तिसरा, सगळे सारखे. काटा न्हाई, वजन न्हाई.

मी ते बघत राहिले. शिवलिंग असंच करायचा. पोत्यात मूठ घालायचा, तूर काढायचा, तळहातावर उडवायचा, चार दाणे परत टाकायचा अन् सांगायचा, ओली हाय का वाळली, औशाच्या रानातली हाय का देवणीच्या. मोंढा मानायचा त्या मुठीला. मला वाटलं होतं ती मूठ मातीत गेली.

बाकीच्यांना मासं वाढलं, मी तिकडं बघितलं न्हाई. माझ्याम्होरं भाजलेल्या वांग्याचा घास ठेवला. त्या सा माणसांनी आपापला घास हातानं उचलला अन् टाकला तोंडात. कुणी कुणाची वाट बघितली न्हाई. मी हात मांडीवर ठेवून बसले.

शांभवी हळूच म्हणली, "आज्जी, लगेच खायचा असतो. भात कोमट हाय तवर."

मी म्हणले, "खाते की. पंगत भरू दे."

दुसरा घास आला, मुळ्याचा. तिसरा, काकडीचा, काळ्या कागदात गुंडाळलेला. मी विचारलं, "ही कातडी कशाची?" "शेवाळ हाय आज्जी, समुद्राचं." बरं. तीन घास रांगेत. हात मांडीवर. तो मालक, कानडी माणूस, येऊन विचारायला लागला, अम्माला आवडलं न्हाई का. मी त्याला कन्नडमधी सांगितलं, "आमच्यात एक पान रिकामं असलं की घास तोंडात घालत न्हाईत. हे शेजारचं पाव्हणं येऊ दे. मग कुणी तरी हर हर म्हणंल, मग जेवू."

मालकानं शांभवीकडं बघितलं. शांभवीनं सुरी खाली ठेवली.

"येणार न्हाईत, आज्जी. तो पाट बाबांचा हाय."

मी म्हणले, "म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. दर महिन्याच्या एका दुपारी एक पाट मी बाबांच्या नावानं धरते. त्यांना कळवायची, अमुक तारखेला या. ते आले न्हाईत. मी कुणाला बसू दिलं न्हाई. आजचा ते असतानाच धरला होता. मला काढवला न्हाई."

तिनं कळवलं होतं. मला ठाऊक हाय कसं कळवायची. दर महिन्याला शिवलिंगच्या मोबाईलवर यायचं. त्याला मोबाईलवरचं बारीक अक्षर चष्म्याशिवाय दिसायचं न्हाई अन् चष्मा माझ्या उशाशी असायचा.

शिवलिंग असता तर गल्लीतल्या पंगतीत म्हणायचा तसं, मान वर करून "हर हर" म्हणला असता अन् भांडी वाजावी तसा "महादेव" उठला असता. आता थोरली मी. मी म्हणायला पाहिजे. पर शांभवीच बोलली. हळू, पर बापाच्याच चालीत, "हर" लांबवून. त्या लोकांना कळलं न्हाई काय चाललंय. "महादेव" कुणी म्हणायचं? मीच होते. मला म्हणता आलं न्हाई.

खाल्लं. तिन्ही घास. वांगं चांगलं होतं. मिठाला जरा कमी.

मग मिरची, भूछत्र, आणिक काय काय. घासातल्या हिरव्या चटणीनं नाकात मोहरी चढली अन् डोळ्याला पाणी आलं. लोकांना वाटलं, म्हातारी रडती. वाटू दे.

शेवटाला एक घास ठेवला. हिरवा, भाजलेला. वास घेतला. कारलं.

मी म्हणले, "शेवट गोड करायची रीत असती. तुमच्या जपानात शेवटाला कारलं का?"

म्हणली, "जपानात न्हाई आज्जी. हा कडू घास हाय. मी आले तवा माती झाली होती, घरी सगळ्यांना भरवून झालं होतं. मला कुणी भरवला न्हाई."

खरं हाय. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, सोयरे पिठलं-भाकरी आणतात अन् घरच्यांच्या तोंडात बळंच एक घास घालतात. तोवर घशाखाली काही उतरवायचं न्हाई. शांभवी दुसऱ्या दिशी सांजच्याला उदगीरला उतरली, पिशवी हातात. मी तिला ओसरीवर चहा दिला. वरनं म्हणले, "आता काय बघायला आलीस?"

मी तो घास उचलला अन् ओट्यावरून हात लांब केला. तिनं मान वाकवली, लहानपणी वाकवायची तशी. भरवला. तिनं चावला, गिळला, तोंड वाकडं न करता. शेजारच्या एका बाईनं फोटो काढायला मोबाईल उचलला. मी तिच्याकडं असं बघितलं की ठेवून दिला.

शांभवी म्हणली, "बस. आता बाबांच्या रागाचं मी काही मनात ठेवत न्हाई."

तवा सांगायचं होतं. तवाच. घास तिच्या गळ्याखाली उतरला होता, मी सांगितलं असतं तर तो बी पुन्हा वर आला असता. असं मी मनाला सांगितलं.

निघताना मालक म्हणला, जपानातला हिचा म्हातारा उस्ताद दोन वर्षं झाली बोलावून राहिलाय, कायमचं या म्हणून. ही जात नव्हती. बाप एकदा येऊन जेवू दे, मग बघू म्हणायची.

४ ऑक्टोबर

गाडीत. खालचं बाकडं. शांभवीनं काढलेलं.

टेशनवर ती माझ्या पाया पडली. मी म्हणले, "जेवत जा." एवढंच आलं तोंडातून. साठ वर्षं ह्या तोंडानं गल्ली गाजवली अन् कामाच्या टायमाला त्यानं "जेवत जा" म्हणलं.

८ ऑक्टोबर

मन्मथनं सांगितलं, शांभवीनं होकार कळवला. दिवाळीच्या आधी जपानला जाणार. परत यायचं काही बोलली न्हाई. त्याला म्हणली, "बाबाच मला सोडून गेले रागानं, आता मी कुणासाठी जवळ राहू?"

सून म्हणली, "बरंच की, पोरीचं भलं होईल." सून चांगली हाय. तिला काही ठाऊक न्हाई.

९ ऑक्टोबर

आता लिहिते. शांभवी, हे तुझ्यासाठी हाय. वाचताना मधी थांबू नको.

तुझा बाप पाच वर्षं बोलला न्हाई असं मी वर लिवलंय. ते खोटं हाय. पहिलंच वरीस तो बोलला न्हाई. दुसऱ्या साली म्हणला, "आई, पोरगी हाय आपली. एकदा जाऊन येऊ, काय कापते ते बघू तरी." मी दोन दिवस जेवले न्हाई. म्हणले, तू तिथं गेलास तर मला इथं माती दे अन् जा. तो न्हाई गेला. त्यानंतर त्यानं विचारलं न्हाई, अन् मला वाटलं, मी जिंकले.

तुझे निरोप यायचे. तो मला म्हणायचा, "आई, वाच गं काय लिवलंय." मला वाचता येतंय. मी म्हणायची, कंपनीची जाहिरात हाय.

लातूरच्या दवाखान्यात वीस तारखेला सांजच्याला मन्मथ खाली औषध आणायला गेला होता. शिवलिंगनं नाकावरची नळी बाजूला केली अन् म्हणला, "आई, शांभूला फोन लाव. मला तिच्या हातचं जेवायचंय म्हणून सांग." अगदी ह्याच शब्दांत. मी म्हणले, "उद्या लावू. आज आराम कर." तो म्हणला, "आजच लाव." मी त्याचा मोबाईल माझ्या पिशवीत घातला. जरा वेळानं त्याचा डोळा लागला अन् मोबाईल वाजला. तुझं नाव आलतं. लाल बटण मी दाबलं. परत वाजला. परत मी दाबलं. तुझ्या बापानं न्हाई. त्याला कळलं बी न्हाई तुझा फोन आलता ते. पहाटं तो गेला.

मी का दाबलं ते मला विचारशील. पाच वर्षं मी बरोबर होते. तो तुझ्याशी एक शब्द बोलला असता तर ती पाच वर्षं माझ्या अंगावर आली असती. एवढंच. दुसरं कारण शोधलं, सापडलं न्हाई.

तुझ्या घरी सांगणार होते, न्हाई सांगितलं. ओट्यावर सांगणार होते, न्हाई सांगितलं. तू माझ्या हातचा कडू घास खाल्लास. तो भरवायचा हक्क मला नव्हता. हे कळल्यावर तुला तो ओकावासा वाटला तर ओक.

जपानला जायचं तर जा. थांब म्हणून मी हे लिवलं न्हाई. पर राग घेऊन गेले असं म्हणून जाऊ नको. तो भुकेला गेला, तुझ्या हातचं मागत.

ह्या पानांचे फोटो मन्मथनं काढले. काढताना त्यानं वाचलं. तो माझ्याकडं न बघता म्हणला, "आज्जे, पाठवू का खरंच?" मी म्हणले, "बापाच्या मोबाईलवरून पाठव." पाठवले. दोन बारीक निळ्या खुणा आल्या. म्हणजे तिनं बघितलं म्हणतो. तवापासून तो अंगणात जाऊन उभा राहिलाय.

शिवलिंगचा मोबाईल माझ्या मांडीवर हाय. चार्जर लावून ठेवलाय. सांजच्याला वाजू दे न्हाई तर महिन्यानं वाजू दे. ती शिव्या देईल, देऊ दे. रडंल, रडू दे. मन्मथ, तू उचलायचा न्हाई. सूनबाई, तू मधी पडायचं न्हाई, आज्जी झोपलीया म्हणायचं न्हाई, आज्जीला बरं न्हाई म्हणायचं न्हाई. मी न्हाणीत असले तर न्हाणीत आणून द्या. हा फोन मीच उचलणार. दुसऱ्या कुणी हॅलो बी म्हणायचं न्हाई.